परसात दुर्बीण मांडणारा वादक



हिवाळ्यात आपल्या शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा चंद्रावरची विवरे आणि मृगातला तेजोमेघ पाहून सगळे खूश होते. मग आम्ही दुर्बीण कृत्तिकांच्या उत्तरेला, वृषभ राशीच्या कडेला वळवली. तिथे दिसला एक साधा तारा, आणि नीट निरखले तर त्याच्याभोवती आरशावर श्वास सोडावा तसे पुसट धुके. बऱ्याच जणांना ते धुके दिसलेच नाही. ज्यांना दिसले त्यांचेही चेहरे पडले. एवढ्यासाठी इतका वेळ रांगेत उभे केले होय, असे भाव आम्हांला अंधारातही कळले. थंडी वाढली होती, पालक न्यायला आले होते, त्यामुळे त्या धुक्याची गोष्ट सांगायची राहून गेली. ती या अंकात सांगतो.

गोष्ट विल्यम हर्शेलची आहे. युरेनसचा शोध लावणारा म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्याचे नाव तुम्ही पाठ केलेच असेल. एवढ्या मोठ्या माणसाला आम्ही अरेतुरे करतो आहोत याबद्दल मोठ्यांनी रागावू नये. त्याच्याविषयी वाचता वाचता तो घरचाच वाटू लागला, त्याला काय करणार?

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या नात्यातले वाद्य. घरात पैसा बेताचा, मुले पुष्कळ, आणि संगीत भरपूर. वडिलांना ग्रहताऱ्यांचीही हौस होती. थंडीच्या रात्री धाकट्या कॅरोलिनला बाहेर नेऊन ते नक्षत्रे दाखवत. विल्यम चौदाव्या वर्षीच वडिलांच्या बँडमध्ये लागला. १७५७ साली फ्रेंचांशी झालेल्या हास्टनबेकच्या लढाईत हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला आणि आईवडिलांनी मुलाला इंग्लंडला पाठवून दिले. हॅनोव्हरचा आणि इंग्लंडचा राजा त्या काळी एकच होता, त्यामुळे तिथे जाणे काही अगदी परमुलखात जाणे नव्हते. तरी एकोणिसावे वर्षही पुरे न झालेल्या मुलाने परक्या गावी पोट भरायचे ते स्वरलिपीच्या नकला करून, शिकवण्या करून आणि मिळेल तिथे वाजवून. असे नऊ वर्षे चालले. १७६६ मध्ये बाथ या शहरात, ऑक्टॅगन चॅपेल नावाच्या नव्या प्रार्थनामंदिरात त्याला ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली आणि घडी बसली.

बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. बड्या घरची माणसे तिथे हवापालटाला येत, त्यामुळे गाण्याच्या मैफली आणि शिकवण्या यांना तोटा नव्हता. विल्यमने चोवीस सिंफनी रचल्या. त्या आजही वाजवल्या जातात. म्हणजे तो आकाशाकडे वळला नसता तरी संगीताच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरता उरला असता.

१७७२ मध्ये त्याने कॅरोलिनला हॅनोव्हरहून बाथला आणले. तिचे वय बावीस. लहानपणी टायफसच्या तापाने तिची वाढ खुंटली होती. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. आईच्या मते हिचे लग्न होणार नाही, तेव्हा हिने जन्मभर घरची धुणीभांडी करावी. कॅरोलिन गेल्यावर कामाला बाई ठेवता यावी म्हणून विल्यमने आईला दरसालची रक्कम बांधून दिली, तेव्हा कुठे तिची सुटका झाली. बाथला येऊन ती गाणे शिकली, मैफलींत गाऊ लागली. पण थोड्याच दिवसांत भावाचे चित्त गाण्यावरून उडाले आणि बहिणीच्या वाट्याला वेगळीच नोकरी आली.

झाले असे की विल्यम संगीताच्या शास्त्रावरचे रॉबर्ट स्मिथचे पुस्तक वाचत होता. त्याच लेखकाचे प्रकाशशास्त्रावरचेही पुस्तक होते, ते त्याने घेतले. त्यात दुर्बीण कशी करावी ते दिलेले. १७७३ मध्ये त्याने खगोलशास्त्रावरचे एक पुस्तक विकत घेतले, भाड्याने एक लहान दुर्बीण आणली आणि मोठ्या आरशाची किंमत विचारली. ती परवडणारी नव्हती. गावातल्या एका गृहस्थाने आरसे घासायचा छंद सोडून दिला होता, त्याची हत्यारे आणि साचे विल्यमने विकत घेतले आणि स्वतःच कामाला लागला.

तेव्हाचे दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, धातूचे असत. तांबे आणि कथील यांचा तो मिश्रधातू. आपल्या आजीच्या काशाच्या वाटीत हेच दोन धातू असतात, आरशात मात्र कथील आणखी जास्त. त्याने तो चांदीसारखा पांढरा होतो आणि काचेसारखा ठिसूळही. ओतून झाल्यावर तो घासून अचूक खोलगट करायचा आणि मग चमकवायचा. शेवटच्या टप्प्यात हात थांबला तर आकार बिघडतो. एकदा विल्यमने सलग सोळा तास हात उचलला नाही, आणि कॅरोलिन घास करून त्याच्या तोंडात भरवत होती. अधूनमधून ती त्याला गोष्टीही वाचून दाखवी. दिवाणखान्यात सुतारकाम, झोपायच्या खोलीत लेथ, आणि मधूनच कोणी शिकवणीला आले की सगळे सोडून व्हायोलिन. घराची ही दशा कॅरोलिनला फारशी आवडली नव्हती, असे तिच्या आठवणींवरून दिसते. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तीन फुटी आरसा घरच्या तळघरातच ओतायचा घाट घातला. साचा घोड्याच्या लिदीत माती कालवून केलेला. दुसऱ्या प्रयत्नात भट्टीलाच गळती लागून रसरशीत धातू जमिनीवर आला, फरशीचे दगड तडतडा फुटून छतापर्यंत उडाले आणि विल्यम, त्याचा भाऊ अलेक्झांडर व मजूर जीव घेऊन पळाले.

त्याच्या पाच महिने आधी मात्र मोठी गोष्ट घडून गेली होती. १३ मार्च १७८१ च्या रात्री, बाथमधल्या न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ क्रमांकाच्या घराच्या परसात, सात फूट लांबीची आणि सव्वासहा इंचांच्या आतबाहेर आरशाची दुर्बीण लावून विल्यम मिथुन राशीच्या सीमेवरचे तारे एकेक करून तपासत होता. त्यातला एक तारा ठिपक्यासारखा नव्हता, लहानशा चकतीसारखा होता. चार दिवसांनी तो जागचा हललेला दिसला. विल्यमला वाटले धूमकेतू. गणित्यांनी कक्षा काढली तेव्हा कळले, हा शनीच्या पलीकडचा ग्रह आहे. माणसाने शोधून काढलेला हा पहिला ग्रह, कारण बाकीचे पाच अनादी काळापासून दिसतच होते. लक्षात घ्या, आपल्या शाळेची दुर्बीणही सहा इंचीच आहे, आणि तिचा काचेचा आरसा हर्शेलच्या आरशापेक्षा जास्त उजेड परत पाठवतो.

पुढे मानसन्मान आले. रॉयल सोसायटीने पदक दिले, सदस्य करून घेतले. राजा तिसरा जॉर्ज याने १७८२ पासून वर्षाला २०० पौंड लावून दिले. हे बाथमधल्या कमाईच्या निम्म्याच्या आसपास होते. तरी विल्यमने वाजवणे सोडले, राजवाडा जवळ पडावा म्हणून विंडसरशेजारच्या डॅचेट गावी पडके, ओलसर, पण मोठ्या परसाचे घर घेतले आणि उरलेला खर्च दुर्बिणी करून, विकून भागवला. त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलून पगार निम्मा करून घेणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हांला ठाऊक आहे.

त्याच डॅचेटच्या परसात ७ सप्टेंबर १७८२ रोजी त्याला कुंभ राशीत एक नवलाची वस्तू दिसली. फिकट हिरवट, लहानशी, गोलसर, जवळजवळ सारख्या उजेडाची चकती. धूमकेतू नाही, कारण शेपूट नाही आणि जागची हलत नाही. तारा नाही, कारण दुर्बिणीची शक्ती वाढवली की मोठी होते. अठरा महिन्यांपूर्वी युरेनसची अशीच चकती पाहिलेल्या माणसाला ती ग्रहासारखी वाटावी यात नवल नाही. पुढे अशा आणखी वस्तू सापडत गेल्या. हे ग्रह नव्हेत हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही दिसण्यावरून त्याने त्यांना ग्रहांसारखे तेजोमेघ, म्हणजे प्लॅनेटरी नेब्युला असे नाव दिले. मराठीत त्यांना बिंबाभ्रिका म्हणतात. ग्रहांशी काडीचा संबंध नसलेले हे नाव आजतागायत चिकटून आहे आणि दरवर्षी विद्यार्थ्यांचा गोंधळ करते. डॅचेटची ती चकती आज शनि तेजोमेघ म्हणून ओळखली जाते.

१७८३ पासून विल्यमने आकाश झाडून काढायला घेतले. वीस फूट लांबीची दुर्बीण दक्षिणोत्तर रेषेवर ठेवायची. एक मजूर दांडा फिरवून नळी सावकाश खालीवर करी, आणि पृथ्वी फिरते तसतसे आकाश आपोआप समोरून सरके. विल्यम उंच माचाणावर डोळा लावून उभा. त्याला स्वतः लिहिता येत नसे, कारण दिव्याकडे एकदा पाहिले की अंधाराला सरावलेला डोळा परत सरावायला बराच वेळ जातो. म्हणून खाली खिडकीशी घड्याळ, तक्ते आणि वही घेऊन कॅरोलिन. तो वरून वर्णन ओरडायचा, ती वेळ आणि जागा टिपून घ्यायची. कडाक्याच्या थंडीत दौतीतली शाई गोठे. १७८३ च्या शेवटच्या रात्री ढग अचानक फाटले, दुर्बीण हलवायची घाई झाली आणि बर्फाच्या चिखलातून अंधारात धावताना कॅरोलिनच्या गुडघ्यावर मांडीत लोखंडी आकडा घुसला. सोडवताना मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. नंतरच्या रात्री ढगाळ गेल्या, त्यामुळे भावाचे फारसे नुकसान झाले नाही, याचेच तिला समाधान वाटले. आम्हांला हे वाचून तिचे कौतुक वाटले आणि थोडा रागही आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. १७८७ पासून राजाने तिलाही वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला, आणि स्वतःच्या लहान दुर्बिणीतून तिने एकूण आठ धूमकेतू शोधले.

झाडणे वीस वर्षे चालले. त्यातून सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांच्या याद्या छापल्या गेल्या. त्याआधीच्या मेसियेच्या यादीत शंभराच्या थोड्याच वर वस्तू होत्या, यावरून अंदाज करा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तेजोमेघ म्हणजे नेमके काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. विल्यमच्या वीस फुटी दुर्बिणीतून पाहिले की लहान दुर्बिणीत धुके वाटणाऱ्या कितीतरी वस्तूंत शेकडो तारे दिसत. लांबून वाळूचा ढीग एकसंध दिसतो, जवळ गेले की कण दिसतात, तसे. यावरून १७८५ च्या सुमारास त्याचे मत बनले की सगळेच तेजोमेघ ताऱ्यांचे थवे आहेत. जे अजून धुके वाटतात ते फार लांब आहेत, दुर्बीण मोठी केली की त्यांतलेही तारे सुटे दिसतील. ग्रहांसारख्या चकत्या म्हणजे दाटीवाटीने एकत्र आलेले जुने थवे असावेत, असा त्याचा तर्क होता.

मग दुर्बीण मोठी करणे आले. राजाकडून दोन हप्त्यांत ४००० पौंड मिळाले. स्लाऊ गावच्या नव्या घराच्या परसात, शिड्या आणि वाशांच्या प्रचंड सांगाड्यात चाळीस फूट लांबीची नळी उभी राहिली. आरसा चार फुटांचा, वजन सुमारे एक टन. नळी आडवी असताना पाहुणे तिच्यातून चालत जात. १७८९ मध्ये दुर्बीण पुरी झाली आणि शनीचा एक नवा उपग्रह लगेच सापडला. दुर्बिणींच्या जगात हिच्याएवढी दुसरी नव्हती, आणि ती उभी राहिली होती धुक्यातले तारे सुटे करून दाखवण्यासाठी.

पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते. १३ नोव्हेंबर १७९० च्या रात्री नेहमीच्या वीस फुटी दुर्बिणीने आकाश झाडताना वृषभ राशीत एक तारा समोर आला. त्याच्याभोवती गोल, पुसट उजेड, आणि तारा बरोबर मधोमध. हाच तो, आपण गच्चीवरून पाहिलेला.

विल्यम थबकला. तारा मधोमध आहे, तेव्हा तो योगायोगाने त्या धुक्याच्या पुढे आलेला नाही, धुके त्याचेच आहे. मग दोघे सारख्याच अंतरावर. आता धुके जर दूरच्या ताऱ्यांचे असेल, तर त्याच अंतरावरून एवढा ठळक दिसणारा मधला तारा इतर ताऱ्यांच्या मानाने केवढा राक्षसी हवा! उलट मधला तारा नेहमीसारखाच असेल, तर धुक्यातले तारे इतके चिमुकले की त्यांना तारे म्हणण्यात अर्थ नाही. दोन्ही पटण्यासारखे नाही. एकच वाट उरली. हे धुके ताऱ्यांचे नाही, ते खरोखरच चमकणारे काहीतरी विरळ द्रव्य आहे. दुर्बीण कितीही मोठी केली तरी त्यातून तारे निघणार नाहीत.

असे झाल्यावर माणसे काय करतात ते आपण रोज पाहतो. एवढ्याशा अपवादाकडे दुर्लक्ष करता आले असते. राजाचे पैसे खर्चून उभारलेला सांगाडा परसात उभा होता, आधीचे मत स्वतःच्या नावाने छापलेले होते, आणि ही वस्तू इतकी पुसट की दुसऱ्या कोणी विचारायला येण्याचा संभव नव्हता. विल्यमने १७९१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला आणि आपले आधीचे मत बदलल्याचे स्वतःच जगाला सांगितले. ग्रहासारख्या चकत्याही अशाच चमकत्या द्रव्याच्या असतील, हेही त्यात आले.

अर्थात या द्रव्याचा पुरावा त्याच्या हयातीत मिळाला नाही. १८६४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्स या इंग्रजाने, तोही आपल्या घरच्या वेधशाळेतून, कालेय तारकासमूहातल्या अशाच एका चकतीवर वर्णपटदर्शक लावला. ही चकती हर्शेलनेच १७८६ मध्ये शोधलेली. ताऱ्यांचा उजेड असता तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसला असता. दिसल्या मोजक्या सुट्या रेषा. असा उजेड तापलेल्या विरळ वायूचाच असतो. त्यातली ठळक हिरवी रेषा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नेब्युलियम नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. ती रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच आहे, फक्त त्याचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले आहेत आणि वायू अतिशय विरळ आहे, हे आयरा बोएनने १९२७ मध्ये दाखवले. या वस्तू हिरवट का दिसतात, त्याचेही उत्तर हेच.

एका बाबतीत मात्र हर्शेलचा बाण उलट्या दिशेला गेला. त्याला वाटले, हे द्रव्य हळूहळू गोळा होऊन मधला तारा घडतो आहे. प्रत्यक्षात तारा संपत आलेला असतो. सूर्यासारखा तारा इंधन सरत आले की फुगतो, बाहेरचे थर सोडून देतो, आणि आतला तापलेला गाभा त्या थरांना उजळवतो. काही हजार वर्षांत वायू पांगून जातो आणि गाभ्याचा श्वेत बटू उरतो. आपल्या सूर्यावरही सुमारे पाच अब्ज वर्षांनी ही पाळी यायची आहे. तेव्हा घाबरू नका, बोर्डाची परीक्षा त्याआधी होईल.

हर्शेलच्या पुढच्या आयुष्याविषयी थोडक्यात. १७८८ मध्ये त्याने मेरी पिट हिच्याशी लग्न केले होते. कॅरोलिनने घर सोडून वेगळे बिऱ्हाड केले, पण वही सोडली नाही. मुलगा जॉन याने पुढे दक्षिण आफ्रिकेतून दक्षिणेकडचे आकाश झाडून वडिलांचे काम पुरे केले. १८०० साली विल्यमने सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवले, तर तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. अवरक्त किरण ते हेच. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाऊच्या घरी तो वारला. वय ८३. त्याच्या युरेनसला सूर्याभोवती एक फेरी घालायला ८४ वर्षे लागतात. कॅरोलिन हॅनोव्हरला परतली आणि १८४८ मध्ये, ९७ व्या वर्षी गेली. चाळीस फुटी दुर्बीण वापरायला अवजड, आरसा लवकर काळवंडणारा, त्यामुळे अपेक्षेइतकी कामाला आलीच नाही. शेवटी जॉनने ती उतरवली तेव्हा घरच्या सगळ्यांनी नळीत बसून गाणे म्हटले.

आणि वृषभातला तो तारा? १८८८ च्या कॅटलॉगप्रमाणे त्याचा क्रमांक एनजीसी १५१४. अंतर सुमारे १५०० प्रकाशवर्षे. मधला तारा एक नसून दोन आहेत, नऊएक वर्षांत एकमेकांभोवती फिरणारे. एप्रिल २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेले त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात धुक्याभोवती धुळीची दोन मोठी कडी स्पष्ट दिसतात. ती साध्या प्रकाशात दिसत नाहीत, अवरक्त किरणांतच दिसतात.

आपल्याला कडी दिसणार नाहीत, पण धुके दिसेल. इंदूरहून तो तारा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री सव्वादहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. थेट ताऱ्याकडे पाहू नका, नजर जरा बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त कळतो, म्हणजे बाजूला पाहिले की धुके उमटते आणि सरळ पाहिले की विझते. गच्चीवर येताना मोबाइल खिशात बंद असावा, नाहीतर वीस मिनिटे सरावलेला डोळा क्षणात वाया जातो. आणि डॅचेटच्या परसातली ती पहिली हिरवट चकती पाहायची असेल तर दिवाळीच्या सुट्टीत या. अंधार पडला की कुंभ राशी दक्षिणेला असते, आणि अमावास्येमुळे चंद्राचा त्रास नसतो. हर्शेलला ती क्षितिजापासून सत्तावीस अंशांवर, टेम्स नदीच्या धुक्यातून पाहावी लागली. माळव्यातून ती छपन्न अंश वर येते. कानटोपी आणायला विसरू नका.